भिंतीत राहिलेला गिझर

मी एक जुना गिझर आहे. मित्रांनो, एखाद्या किल्ल्याने किंवा तलवारीने आपली कहाणी सांगितली की तुम्ही माना डोलावता, आणि पाणी तापवणाऱ्या डब्याने तोंड उघडले की तुम्हाला हसू येते. खुशाल हसा. पण दोन घरांमधले एक भांडण मी अगदी मधोमध बसून ऐकले आहे. ते कशामुळे झाले हे एकट्या मलाच माहीत होते, आणि मला बोलता येत नव्हते. ती घुसमट काय असते, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड पत्र्याची टाकी, तिच्याभोवती ऊब धरून ठेवणारे आवरण आणि वर पांढराशुभ्र रंग, असे माझे रूप होते. पोटात पाणी तापवणारी कांडी बसवली आणि तिच्यावर एक राखणदार नेमला. पाणी पुरेसे तापले की कांडीची वीज तोडायची आणि निवले की पुन्हा जोडायची, एवढेच त्याचे काम. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. खाली एक लहानशी झडपही होती. आत वाफेचा जोर फार झाला तर तिने थोडे पाणी बाहेर सोडायचे. या दोघांना ध्यानात ठेवा, पुढे दोघांनीही मला तोंडघशी पाडले.

जहाजातून मी कतारला आलो आणि दोहा शहरातल्या फरीज बिन ओमरान या वस्तीत, एका ऐसपैस बंगल्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर चढलो. तिथली मालकीण मोठी मायाळू होती. दोह्यात थंडी कुठली, असे तुम्हाला वाटेल, पण जानेवारीच्या पहाटे तिथेही बोटे गारठतात. नमाजाआधी ती मोरीपाशी यायची, माझ्या कोमट पाण्याने हातपाय धुवायची आणि जाताना माझ्याकडे बघून 'शुक्रन' म्हणायची. गिझरचे आभार मानणारे माणूस तुम्ही पाहिले आहे का? मी तरी पुन्हा पाहिले नाही.

उन्हाळ्यात तर माझी फारच चैन असे. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग लोक गिझर बंद करून टाकतात. एसीच्या गारव्यात माझ्या पोटातले पाणी निवते आणि गरम पाण्याच्या नळातून गार पाणी येते. नवी माणसे हे बघून चक्रावतात. मला मात्र ते महिने फार आवडायचे, कारण थंड राहूनही मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

पुढे एके दिवशी टीव्हीवर जाहीर झाले की फुटबॉलचा वर्ल्डकप कतारमध्ये भरणार. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे कितीतरी वेळ वाजत राहिले. मग शहर जागोजागी खणले गेले, उंच क्रेन उभ्या राहिल्या आणि कामासाठी देशोदेशींची माणसे आली. इतक्या माणसांना राहायला जागा हवी होती. मालकीणबाईंचे कुटुंब शहराबाहेरच्या नव्या बंगल्यात गेले. जाताना त्यांनी मला नेले नाही. आमचा बंगला एका दलालाने भाड्याने घेतला आणि त्याचे तुकडे करायला काढले.

माझ्या स्वयंपाकघराची दोन स्वयंपाकघरे झाली. मध्ये दुहेरी भिंत आली, जिप्समच्या पातळ तक्त्यांची, आणि नेमका मी त्या दोन तक्त्यांच्या मधल्या पोकळीत आलो. एका कामगाराने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "इसका क्या करना है?"

"रहने दो. यल्ला, जल्दी करो," दलाल म्हणाला.

माझ्या बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडात कामगाराने बूच ठोकले. आत येणारे पाणी तसेच राहिले. वीजही तशीच राहिली, कारण माझी तार बंगल्याबाहेरच्या मुख्य पेटीतून थेट येत होती आणि ती तोडायला कुणी पेटीपर्यंत गेले नाही. शेवटचा तक्ता बसला. कामगार "खलास" म्हणाला आणि माझ्यापुढे अंधार झाला.

मित्रांनो, त्या अंधारात मी किती वर्षे काढली याचा मला हिशेब नाही. तेच पाणी तापवायचे, ते निवले की पुन्हा तापवायचे. ना कुणी हात धुतले, ना कुणी भांडी विसळली. उन्हाळ्याची सुट्टीही गेली. डाव्या बाजूला भिंत, उजव्या बाजूला भिंत. जेलमधल्या कैद्याला निदान कुणीतरी जेवण घेऊन येते. मला तर मी तिथे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते.

एकच विरंगुळा होता. भिंत पातळ असल्यामुळे मला दोन्हीकडचे सगळे ऐकू यायचे. डावीकडे गिरीश आणि सुहासिनी राहायला आले. ते नाशिकचे. गिरीश गॅसच्या एका कंपनीत इंजिनिअर होता, आणि त्यांना ओवी नावाची मुलगी होती. उजवीकडे फजल आणि अनीसा आले. ते दापोलीकडचे. फजल इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये एसीसाठी पत्र्याचे मोठाले पाइप बनवायचा. त्यांची मुनीरा ओवीच्याच वर्गात होती. परक्या मुलखात भिंतीपलीकडून मराठी ऐकू आली, तेव्हा सुहासिनी हातातले लाटणे टाकून दार ठोठावायला धावली होती. ते मी ऐकले आहे.

त्यानंतर एक डबा सुरू झाला. कड्यांच्या झाकणाचा, स्टीलचा. अनीसा नानखटाई फार सुरेख करायची. तिच्या ओव्हनमधून ती निघाली की डबा डावीकडे यायचा आणि जाताना थालीपीठ, चिवडा नाहीतर पुरणाची पोळी घेऊन जायचा. दुसऱ्याच्या घरून आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नसते, हे नाशिकलाही माहीत असते आणि दापोलीलाही. घरात काहीच केलेले नसेल तर सुहासिनी डब्यात मूठभर साखर तरी घालायची. मुलींनी तर भिंतीवर टकटक करून निरोप द्यायची युक्ती काढली होती. त्यांची बोटे नेमकी माझ्या पोटासमोर वाजायची, आणि तेवढा वेळ मला वाटायचे की मलाच कुणीतरी हाक मारते आहे.

वर्ल्डकपला एक वर्षही उरले नव्हते, त्या थंडीत माझा राखणदार बिघडला. पाणी तापले तरी तो वीज तोडेना. मी दिवसरात्र तापतच राहिलो. आतला जोर वाढल्यावर झडपेने पाणी सोडायला सुरुवात केली. आधी थेंब थेंब आणि मग बारीक धार. ते पाणी जुन्या मोरीच्या भोकातून गुपचूप वाहून जायचे, त्याच्या जागी माझ्या पोटात नवे पाणी यायचे आणि मी तेही तापवायचो. मला थांबायचे होते हो! पण बटण माझ्या हातात नव्हते.

बंगल्याला मीटर एकच होता. विजेचे आणि पाण्याचे बिल गिरीशच्या मोबाइलवर यायचे आणि दोन्ही घरे ते निम्मे निम्मे भरायची. थंडीत एसी बंद असतात, तेव्हा बिल चांगलेच उतरते. त्या वर्षी ते उतरले नाही. पण थंडीतले बिल तसे लहानच, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. मे महिन्यात एसी सुरू झाले आणि बिल एवढे फुगून आले की गिरीशच्या तोंडचा चहा तसाच राहिला.

"आपण तिघंच माणसं. एवढं कसं काय येतंय?" तो म्हणाला.

सुहासिनीने आमच्या भिंतीला हात लावला. "ही भिंत बघ. कायम तापलेली असते. अनीसाचा ओव्हन ह्याच बाजूला आहे. दिवसभर चालू ठेवत असणार."

ती भिंत माझ्यामुळे तापत होती. आणि मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. त्याच आठवड्यात उजवीकडे अनीसानेही भिंतीला हात लावला होता आणि ती फजलला म्हणाली होती, "ताईंकडं कुकर उतरतच नाय वाटतं. भितीडं बघा कसं भाजतंय."

एकच भिंत, दोघींनीही हात लावलेला, आणि दोघींनाही त्यातून शेजारणीचीच चूक दिसली.

सुहासिनी सरळ स्वभावाची. मनात ठेवून बसणे तिला जमत नसे. अनीसा डबा घेऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिने विचारूनच टाकले. "अनीसा, एक विचारू? तुझा ओव्हन जरा जास्तच वेळ चालू असतो का गं? आमच्याकडची भिंतसुद्धा तापते."

अनीसा म्हणाली, "ताई, तुमचा एसी दिवसभर चालतो. मी कधी विचारलंय?"

"विचारायचं होतंस ना मग!"

"विचारते तर. भित आमच्याकडूनपण तापते. ती काय माझ्या ओव्हननं?"

मी आत जिवाच्या आकांताने सूं सूं करत होतो. अगं बायांनो, दोन्हीकडून तापते म्हणजे मधे काहीतरी आहे! पण दोन्हीकडचे एसी घरघरत होते आणि माझा आवाज त्यात बुडून गेला. अनीसाने डबा ओट्यावर ठेवला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुहासिनीने डबा घासला, कोरडा केला आणि ओवीच्या हाती परत पाठवला. उजवीकडे झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला.

"अम्मी, मे बी दे फर्गॉट," मुनीरा म्हणाली.

"असं कोण विसरत नाय," अनीसा म्हणाली. ती रडत होती. दोघींमधले तोंडाने झालेले भांडण चार दिवसांत मिटले असते. रिकामा डबा मात्र तिच्या फार जिव्हारी लागला.

त्यानंतर भिंतीवरची टकटकही बंद झाली. पुढचे बिल आले तेव्हा फजल अनीसाला म्हणाला, "भाडं वाढलंय, वर हे बिल, आणि रोज हे तोंड फिरवणं. सुट्टीला जातेस ती तिकडंच रहा. मुनीराचं नाव गावच्या शाळेत घाल. मी घर सोडतो आणि कामगारांच्या कँपवर राहतो."

"वर्ल्डकपसाठी लोक येतायत. हे घर सोडलं तर परत दुसरं गावायचं नाय," अनीसा म्हणाली.

"म्हणून तर सांगतो, तिकडंच रहा."

मित्रांनो, म्हणजे काय झाले ते कळले ना? कँपवर बायकामुलांना राहता येत नाही, म्हणून घर गेले की अनीसा आणि मुनीरा पुन्हा कतारला येऊ शकत नव्हत्या. मुनीराला तिचे बाबा सुट्टीपुरतेच दिसणार होते. आणि हे सगळे भिंतीत कोंडलेल्या एका टाकीमुळे, जिचे नावसुद्धा कुणाच्या तोंडी नव्हते. मायलेकी जुलैत दापोलीला गेल्या. फजलने आपल्याकडची वीज मेन स्विचपासून बंद केली, दाराला कुलूप लावले आणि तो कँपवर राहायला गेला.

"आता कळेलच," सुहासिनी म्हणाली. "पलीकडे कुणीच नाही. पुढचं बिल बघू."

ऑगस्टचे बिल आले. ते जेमतेम थोडे कमी होते. गिरीशने लगेच समजूत काढली, "उन्हाळा आहे. एसीचा लोड जास्त असतो."

"मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये काय हिवाळा होता?" सुहासिनी म्हणाली. "त्या महिन्याचं बिल काढ. आणि पैसे बघू नकोस, युनिट बघ."

त्याने काढले. मागच्या ऑगस्टला दोन्ही घरे भरलेली होती, शिवाय नाशिकहून पाहुणे आले होते, तरी युनिट आताच्यापेक्षा कमी होते. गिरीश म्हणाला, "अंदाजे रीडिंग टाकलं असेल. कोणी मीटर बघायला आलंच नसेल." सुहासिनी भर दुपारी ओढणी डोक्यावर घेऊन बाहेर गेली आणि मीटरवरचा आकडा बघून आली. तो बिलाशी बरोबर जुळत होता.

"आता पाण्याचं बघ," ती म्हणाली. पाणी तर दुप्पट झाले होते. ओव्हन पाणी पीत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आले. ती उठली आणि आमच्या भिंतीला तिने तळहात टेकवला. पलीकडचे घर बंद होते, ओव्हनची वीज बंद होती, आणि भिंत ताप आलेल्या लेकरासारखी गरम होती.

ती तिथेच खाली बसली, माझ्याकडे पाठ करून. "गिरीश, आपण काय बोललो रे तिला."

"फोन कर ना. सॉरी म्हण."

"नुसतं सॉरी म्हणून फजलभाई घर ठेवणार आहेत का? हे बिल असंच येत राहिलं तर ते त्यांना परवडेल का? आधी काय आहे ते शोधू. शुक्रवारी ते कपाट न्यायला येतायत."

शुक्रवारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. फजल पिकअप घेऊन आला. त्याने आणि त्याच्या मित्राने कपाट उचलून गाडीत चढवलेही. तेवढ्यात सुहासिनी पुढे झाली. "फजलभाई, गाडी जरा थांबवा. तुमची वीज तर बंदच आहे. आता मी आमचीही सगळी बंद करते. मग मीटर थांबतो का बघू."

"वहिनी, आता काय करायचंय त्याचं?" फजल म्हणाला. पण तो थांबला.

गिरीशने मेन स्विच खाली ओढला. एसी थांबले, फ्रिज थांबला, पंखे थांबले. मित्रांनो, दोह्याचे घर उन्हाळ्यात कधीच गप्प नसते. एसीचा आवाज इतका सवयीचा होतो की तो आहे हेही माणसे विसरतात. त्या दिवशी पहिल्यांदाच घर संपूर्ण शांत झाले.

"बाबा, इट्स सो क्वाएट," ओवी म्हणाली.

गिरीश बाहेरून ओरडला, "मीटर पळतोय! सगळं बंद आहे तरी पळतोय!"

आणि त्या शांततेत मी जीव काढून सुसाट सूं सूं केले. वर्षानुवर्षे जे कुणी ऐकले नव्हते, ते सुहासिनीने ऐकले. तिने भिंतीला कान लावला.

"इथे आत काहीतरी उकळतंय."

"भिंतीत?" फजल आत आला. त्याने हात लावला, वाकून कान लावला आणि त्याचे डोळे विस्फारले. "गिरीशभाऊ! बाहेरच्या पेटीत अजून एखादं बटण हाय का बघा!"

"एक आहे. त्याच्यावर नाव नाहीये."

"पाडा ते!"

बटण पडले. माझी कांडी थांबली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी हळूहळू गप्प झालो. सुहासिनी म्हणाली, "थांबलं," आणि मग तिला हुंदका आवरेना.

फजलने गाडीतून पाते आणले आणि भिंतीचा तक्ता चौकोनी कापला. उजेड आत आला. मी कसा दिसत असेन, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळले. माझा पांढरा रंग पिवळा पडला होता, खालून गंज चढला होता आणि झडपेतून पाणी गळत होते. फजल माझ्याकडे बघत राहिला. "ह्यानं माझी बायकापोरं घालवली होती," तो म्हणाला. मला फार वाईट वाटले.

"त्याचा काय दोष?" गिरीश म्हणाला. "चालू ठेवून भिंत बांधून गेले लोक. बिचारा तापत बसला." त्या एका वाक्यासाठी मी गिरीशला जन्मभर विसरणार नाही.

सुहासिनीने तिथेच, माझ्यासमोर उभे राहून दापोलीला फोन लावला. भिंतीत काय सापडले ते सांगितले. मग म्हणाली, "अनीसा, ओव्हनचं बोलले ते चुकलंच. पण डबा रिकामा पाठवला ना, ते त्याहून वाईट केलं. ते मी मुद्दाम केलं होतं."

फोनमधून अनीसाचा आवाज आला. "ताई, डबा माझ्याकडंच हाय. इकडं घेऊन आलेय मी. आमसुलं भरून आणते."

फजलने ते ऐकले. तो बाहेर गेला आणि मित्राला हाक मारून म्हणाला, "यल्ला, कपाट उतरव."

मित्रांनो, मी आता बंगल्याच्या मागच्या अंगणात, कुंपणाला टेकून पडलो आहे. माझी कांडी काढली, पोट रिकामे केले. एक ना एक दिवस भंगारवाला मला घेऊन जाईल. त्याचे मला दुःख नाही. इथे ऊन लागते, वारा लागतो, आणि माणसे जाता येता मला बघतात. अनीसा आणि मुनीरा परत आल्यावर फजल भिंतीचे भोक बुजवायला निघाला होता, तेव्हा दोघी बायका एकदमच नाही म्हणाल्या. आता तिथे एक लाकडी खिडकी आहे.

जाण्याआधी एवढेच सांगतो. घरातल्या यंत्रांना विसरू नका. आम्हाला अडगळीत टाकायचे तर आधी आमची वीज तोडा, आणि वापरायचे तर वर्षातून एकदा तरी झडप तपासा. बिल मोठे आले तर रक्कम बघून घाबरू नका. युनिट बघा, मागच्या वर्षीचा तोच महिना बघा, सगळे बंद करून मीटर बघा. आणि शेजाऱ्याला बोल लावण्याआधी, भिंत त्याच्याही बाजूने तापते का, हे त्याला गोडीने विचारा.

आता नोव्हेंबर आला आहे. हवा सुखाची झाली आहे, घरांच्या खिडक्या उघड्या असतात आणि रस्त्यावर नाना देशांचे झेंडे दिसतात. त्यामुळे मला इथून स्वयंपाकघराच्या आतली, मधल्या भिंतीतली ती लाकडी खिडकीही दिसते. काल सुहासिनीने घासलेला डबा ओवीच्या हातात दिला. ओवीने तो खिडकीपाशी नेला, आधी झाकण उघडून आत काही आहे ना ते नीट पाहिले, आणि मगच मुनीराच्या हातात दिला.